विलापाला ओ

लिगेरीने सख्ख्या भावाला शाप दिला होता, आणि तो साधासुधा नव्हता. ‘मुडदा बसवला तुझा’ वगैरे आमच्याकडे सकाळच्या कॉफीबरोबर म्हणतात, ते कुणी मनावर घेत नाही. ती म्हणाली होती, “दिकेओस, तू मरशील तेव्हा तुझ्यामागे रडायला कुणी नसेल. मी तर नाहीच नाही.” आमच्या मानीत, ग्रीसच्या या दक्षिण टोकाला, याच्याहून मोठा शाप नाही. घर जाळा, ऑलिव्हची झाडं कापा, ते निस्तरता येतं. पण ज्याच्या उशाशी घरची बाई बसली नाही, जिने त्याचं नाव घेऊन विलाप केला नाही, तो माणूस मेला तरी गेलेला नसतो. दाराबाहेर ताटकळत राहतो.

हे घडलं आईच्या वर्षाच्या दिवशी. बायका कबरीपाशी उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटत होत्या, पाद्री पापा-सारांतोस धूप फिरवत होता, आणि दिकेओस अथेन्सहून आला तो कपाळाला पट्टी बांधून, हातात मातीचं सुगड घेऊन. सगळ्यांदेखत त्याने आईच्या कबरीवर दूध आणि मध ओतलं. म्हणाला, “आई नरकात नाही, तुमच्या स्वर्गातही नाही. ती शांत आहे. मरण म्हणजे घरी परतणं. तुम्ही उगाच छाती पिटता.” लिगेरीने त्याच्या हातातलं सुगड हिसकावलं, संगमरवरावर आपटलं आणि तो शाप दिला. दूध तिच्या बुटांवर सांडलं. तो गाडीत बसून निघून गेला, तो गेलाच.

त्याला बारा देवांचं वेड लागलं होतं. आमच्या गावात, स्कालोपेत्रात, त्या लोकांना ‘बारादेवी’च म्हणतात. जुन्या देवांना पुन्हा भजणारी शहरातली माणसं. कुणी शिक्षक, कुणी वकील, कुणी निवृत्त पोस्टमास्तर. दिकेओस मोठ्या ऐटीत सांगायचा, “माझ्या नावाचा संतच नाही, म्हणजे मी जन्मापासून त्यांचाच.” नावाचा संत नसल्यामुळे लहानपणी त्याला नामदिनाची, म्हणजे आपापल्या संताच्या सणाला मिळते ती मिठाई मिळायची नाही आणि तो कोपऱ्यात बसून भोकाड पसरायचा. तेव्हा लिगेरी त्याला स्वतःच्या वाट्याचा लाडू द्यायची. हे त्याने बारादेव्यांना सांगितलं नसणार.

नोव्हेंबरात, ऑलिव्हखाली जाळी पसरून झाली होती तेव्हा, फोन वाजला. भावजय थेआनो.

“वन्सं, दिकेओस गेला. काल रात्री.”

“कशाने?”

“आजारी होता. दवाखान्यात होता बरेच आठवडे.”

“आठवडे? आणि मला आज सांगतेस?”

“तुम्हाला त्रास नको म्हणून… त्याला आईशेजारी पुरायचंय. उद्या आणतो आम्ही.”

लिगेरी झाडाखालीच बसली. पहिलं जे मनात आलं त्याची तिला पुढे लाज वाटली, पण आलं ते आलं: अजून पुरलेला नाही! माती पडेपर्यंत शाप मागे घेता येतो. उशाशी बसायचं, डोक्यावरचा रुमाल सोडायचा, त्याचं नाव घेऊन मोठ्याने विलाप करायचा, की झालं. चार वर्षं तो दगड उरावर घेऊन ती झोपत होती. उद्या उतरेल.

पण एकटीने विलाप होत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घरची बाई कडवं म्हणते आणि भोवतालच्या बायका ओ देतात. कुणी शेवटची ओळ उचलते, कुणी आपलं कडवं पुढे जोडते, कुणी भांडतेसुद्धा. जमिनीचे वाद, सुनांचे छळ, सगळं मेलेल्याच्या डोक्यावर बसून निघतं आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. पण ओ मिळाली पाहिजे. ज्या विलापाला ओ नाही तो न केल्याहून वाईट. म्हणजे भर गावात हाक मारली आणि सगळ्यांनी दारं लावून घेतली.

लिगेरीला ओ देणारी कनेला. दोघी परकर नेसायच्या वयापासूनची जोडी. लिगेरीने सुरू करावं आणि कनेलाने उचलावं, असं गावातलं निम्मं स्मशान त्या दोघींनी पोचवलेलं. लिगेरी त्याच पावली तिच्याकडे गेली. कनेला अंगणात लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही, तिथेच लिगेरीला कळलं.

“कळलं मला,” कनेला म्हणाली. “पापा सकाळीच येऊन गेला. कबर उघडायला सांगणारा फोन त्याला आधी आला होता.”

“काय म्हणाला?”

“मूर्तिपूजकासाठी घंटा नाही, देऊळ उघडणार नाही. आणि जी बाई उद्या त्या कबरस्तानात पाऊल टाकील तिच्या घरचं लग्न मी लावणार नाही. माझ्याकडे बघत म्हणाला गं!”

“बघू दे. तुझ्याकडे बघण्यासारखं एवढं काय उरलंय?”

“तुझी जीभ झडो. माझ्या पोराचं लग्न जानेवारीत आहे, हे ठाऊक आहे ना तुला? सून मिळवताना नाकी नऊ आले. त्याचं वय बघ, टक्कल बघ. आता पापाने नाही म्हटलं तर ती मुलगी थांबेल होय?”

“कनेला, तो माझा भाऊ आहे.”

“आणि तो माझा मुलगा आहे. जिवंत आहे.”

लिगेरीने तिच्या पुढ्यातल्या लसणाच्या टोपल्याला पाय लावला आणि निघाली. वाटेत पापा-सारांतोस दिसला, त्यालाही सोडलं नाही. “पापा, माझ्या भावाचा बाप्तिस्मा तुमच्याच वडिलांनी केला होता. ते पाणी आटलं काय?”

“त्याने ते आपल्या हाताने पुसलं, लिगेरी. मी काय करू?”

“तुम्ही काही करू नका. काही न करण्यात तुमचा हात कोण धरणार!”

दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या आल्या. पुढे शववाहिका, मागे बारादेव्यांच्या चकचकीत मोटारी. उतरली ती माणसं अशी की कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली. अंगावर पांढरी वस्त्रं, डोक्यावर पानांची वेटोळी, आणि पायात, थंडी आहे म्हणून, खेळायचे बूट. त्यांचा म्होरक्या उंच, दाढीवाला. नाव सांगितलं एव्ह्रिमेदोन. नाव मोठं लक्षण खोटं, कारण शववाहिकेच्या चालकाने तिथल्या तिथे फोडलं की हा बाबिस, अथेन्सजवळ बाथरूमच्या फरशांचं दुकान आहे याचं, माझ्या साडूने तिथूनच घेतल्यात. एव्ह्रिमेदोन! हाक मारेपर्यंत माणूस कोपऱ्यावरून वळायचा.

आणि थेआनो. लिगेरी तिला कित्येक वर्षांनी बघत होती. पांढऱ्या कपड्यात, केस नीट विंचरलेले, आणि चेहऱ्यावर हसू. हो, हसू! फोटोवाला सांगतो तसं, लावलेलं. डोळे कोरडे ठणठणीत. लिगेरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शवपेटी घरात आणली. लिगेरीने मधल्या खोलीत खुर्च्या गोल मांडून ठेवल्या होत्या. बिनसाखरेची कॉफी, ब्रँडी, खरपूस पाव, सगळं तयार. गावातलं कुणी आलं नाही. खुर्च्यांवर पांढरी माणसं टेकली. झाकण काढलं, तेव्हा लिगेरीने भावाला पाहिलं. केवढासा झाला होता! गालफडं बसलेली, नाक वर आलेलं. त्या नाकाला ती लहानपणी चिमटा काढायची. ती उशाशी बसली, रुमालाची गाठ सोडली, पांढरे केस मोकळे केले आणि तोंड उघडलं.

बाबिसने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“ताई, नको.”

“हात काढ.”

“ताई, त्याची इच्छा होती. त्याने आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, माझ्यामागे कुणी रडायचं नाही. रडण्याने आत्मा जखडतो. तो आता शांत कुरणात चाललाय. तिथे शिक्षा नाही, आग नाही, कुणी हिशेब घेत नाही. थेंब समुद्रात मिसळतो तसा. आपले पूर्वज मरणाला भीत नव्हते…”

“कुणाचे पूर्वज?”

“आपले, ताई. तुमचे, माझे.”

“माझी पणजी तीन मुलगे पुरून घसा बसलेली मेली. मरेपर्यंत तिला आवाज आला नाही. तुझे पूर्वज कुठले ते तू बघ.”

बाबिस चिडला नाही, याचाच तिला जास्त राग आला. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्क्या मारण्यासारखं. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “माझी मुलगी पाळण्यात गेली, ताई. बाप्तिस्म्याच्या आधी. पाद्री म्हणाला, तिच्यासाठी घंटा नाही. मी त्याच्या पाया पडलो. तेव्हापासून मी त्या दारात गेलो नाही. या देवांनी मला सांगितलं की ती कुठेही जळत नाहीये. मला तेवढं पुरतं.”

लिगेरीने विचारलं, “रडलास तिच्यासाठी?”

तो डोक्यावरची पानं सारखी करत बसला.

ती थेआनोकडे वळली. “तू सांग. बायको तू आहेस. हे तुझ्या मनाने चाललंय का याच्या?”

“त्याच्या इच्छेने चाललंय, वन्सं. तो हसत गेला.” हसू तसंच. फक्त हात कपड्याच्या काठाशी चाळा करत होते, पीळ घालत होते, सोडत होते. “शांतपणे. आम्ही स्तोत्र म्हटलं, त्याने डोळे मिटले.”

लिगेरीला विचारायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं. “माझं नाव काढलं होतं का गं त्याने?”

थेआनोने खिडकीबाहेर पाहिलं. “नाही.”

एवढंच. लिगेरीने रुमाल पुन्हा बांधला. मेलेल्याची इच्छा आणि विधवेचा हक्क, दोन्ही विरुद्ध. आणि तिसरं म्हणजे त्याला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती. मग ती कुणासाठी घसा फोडणार होती? तिने मुकाट्याने कॉफी दिली. बारादेव्यांनी साखर मागितली. अंत्यविधीच्या कॉफीला साखर! तिने दिली नाही.

कबरस्तान गावाच्या टोकाला, समुद्राच्या वर. तिकडे निघाले तेव्हा वारा सुटला होता. लिगेरीला वाटलं होतं, वाटेवर कुणी नसेल. पण कबरस्तानाच्या भिंतीला लागून, बाहेरच्या बाजूला, गावातल्या सगळ्या काळ्या कपड्यांतल्या बायका उभ्या होत्या. भिंत कमरेएवढी. त्या पलीकडून मांजरांसारख्या बघत होत्या. आत पाऊल कुणाचंच नाही. कनेला मधोमध, हाताची घडी घालून. पापाचा हुकूम पाळायचा आणि तमाशाही चुकवायचा नाही, म्हणजे आमचं गाव.

बाबिसने स्तोत्र म्हटलं. बरं म्हटलं, आवाज चांगला होता मेल्याचा. मग त्याने सुगड उचललं आणि दूध ओतलं. आमच्या वाऱ्याची त्याला काय कल्पना! दूध खड्ड्यात न जाता गर्रकन उडालं आणि त्याच्याच पांढऱ्या वस्त्रावर, दाढीवर, शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरच्या चष्म्यावर. भिंतीपलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबिसने दाढी पुसली आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, “मित्रहो, आज शोक नाही. आपण आनंदाने निरोप देऊ. दिकेओस घरी पोचलाय.”

पोचलाय! लिगेरीने पाहिलं, पेटी दोरांवर लोंबत होती. खाली ओली लाल माती, मुळं, एक गांडूळ. हे घर? ज्याला अंधाराची इतकी भीती वाटायची की बारा वर्षांचा होईपर्यंत शेजारी बहीण असल्याशिवाय झोपायचा नाही, तो घरी पोचलाय? आणि ती त्याला असाच, दूध शिंपडून, खाली जाऊ देणार? आठवण काढली नाही तर नाही. तोही हट्टी, तीही हट्टी, एकाच आईची दोन. पण शाप तिचा होता. तो तिलाच उचलायला हवा होता.

पहिलं फावडं उचललं जात होतं. लिगेरी खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसली, रुमाल ओढून फेकला आणि सूर लावला.

“ऊठ रे भावा, ऊठ ना,
जाळी पसरली झाडाखाली,
फांद्या झोडील कोण रे,
दिवस चालला मावळून.”

फावडेवाला थांबला. आमच्याकडे विलाप चालू असताना माती टाकत नाहीत. तिने शेवटची ओळ लांबवली, जशी लांबवायची असते, आणि वाट पाहिली.

काही नाही. वारा. सुरूच्या झाडाची कुरकुर. तिने भिंतीकडे पाहिलं. कनेलाने मान खाली घातली.

बाबिस पुढे आला. “ताई, कृपा करा…” तिने न बघता कोपर मारलं, ते त्याच्या गुडघ्यावर बसलं. तो मागे सरला. तिने पुन्हा सूर लावला, अजून वरचा.

“तिथे नाही रे सकाळ,
तिथे मिठाला चव नाही,
हाक मारशील अंधारात,
तिथे बहीण जवळ नाही.”

पुन्हा ओळ लांबवली. पुन्हा वाट पाहिली. तिचा आवाज समुद्राकडे गेला आणि तिकडेच राहिला. बायका भिंतीपलीकडे उभ्या, ओठ घट्ट मिटलेले. हे त्या शापाहून वाईट होतं. शाप निदान दोघांतच होता. आता तिने सगळ्या गावासमोर भावासाठी हात पसरले होते आणि कुणी त्यात काही टाकत नव्हतं. तिचा शाप खरा होत होता, तिच्याच तोंडाने.

मग तिला दिसली थेआनो. खड्ड्याच्या पलीकडे, उभी, आणि तेच हसू चेहऱ्यावर. लिगेरीचं टाळकं सटकलं. विलापात भांडायची मुभा असते, आणि लिगेरीने ती घेतली.

“पांढरं वस्त्र नेसून
हसते कोण ही काठावर?
नवरा चालला मातीत,
हिच्या डोळ्याला ओल नाही!
कोरडी विहीर, फुटकं मडकं,
भावाला कुणी नव्हतंच रे,
मेलास तेव्हा तुझ्यापाशी
माणूस म्हणून नव्हतंच रे!”

“होते!”

तो आवाज कुणाचा हे लिगेरीला आधी कळलंच नाही. थेआनोचं हसू कुठे गेलं होतं कोण जाणे. तोंड वाकडं झालं होतं, गळ्याच्या शिरा ताठ.

“मी होते! तुम्ही कुठे होतात? चार हिवाळे तो फोनकडे बघत बसला! तुम्ही केलात का एक? शाप देऊन बसलात इथे ऑलिव्ह झोडत! मी होते त्याची भांडी धुवायला, त्याची लघवी काढायला, मी होते! नाही रडले तर म्हणता विहीर कोरडी? तुम्ही त्याला जिवंतपणी पुरलंत, वन्सं!”

तिला सूर ठाऊक नव्हता. कडवं ठाऊक नव्हतं. अथेन्सची बाई, विलाप तिने सिनेमातच पाहिला असेल. पण ही ओ होती! शिव्यांची का असेना, खड्ड्याच्या पलीकडून थेट तिच्या हाकेला आलेली. घरची दुसरी बाई बोलली होती. लिगेरीने ती तिथल्या तिथे उचलली, आवाज फाटेपर्यंत.

“फोनकडे बघत बसला,
तर बोट का नाही उचललं?
आजार लपवून ठेवला,
बहिणीला का नाही कळवलं?
हसत गेला म्हणतेस ना,
हसत जाणारा तो नव्हे गं,
अंधाराला भिणारा तो,
माझ्या कुशीत निजलेला!”

थेआनो गुडघ्यांवर आली. पांढरं वस्त्र लाल चिखलात.

“नाही हसला!” ती ओरडली. “नाही हसला, नाही हसला! तो घाबरला होता! यांनी स्तोत्र लावलं तेव्हा तो माझा हात चिरडत होता. म्हणत होता, दिवा लावा. दिवा चालू होता, वन्सं! दिवा चालूच होता! आणि म्हणत होता, लिगेरीला बोलवा. रात्रभर. लिगेरीला बोलवा, लिगेरीला बोलवा. आणि मी नाही बोलावलं. मला राग होता तुमचा. मला वाटलं, या येतील आणि काळं नेसून बसतील उशाशी, मरण घेऊन येतील. मी म्हटलं, झोप, सगळं छान आहे, कुरण आहे. मी त्याला खोटं सांगत राहिले आणि तो तुम्हाला हाका मारत मेला!”

बोलावलं होतं. रात्रभर. ती त्या रात्री इथे होती, बिछान्यात, त्याच्यावर रुसून जागी. फोन उशाशी होता. रात्रीची बस नसती मिळाली तर तिने ट्रॅक्टर काढायला लावला असता कुणाला तरी. चालत गेली असती. तिच्या छातीतून जे निघालं त्याला कडवं म्हणता येणार नाही, शब्दही म्हणता येणार नाही. तिने दोन्ही हातांनी माती धरली आणि नुसती ओरडली.

आणि भिंतीपलीकडून ओ आली.

कनेलाची. तो खालचा, जाडा, खरखरीत आवाज, लिगेरीने जन्मभर पाठीशी ऐकलेला. तिने लिगेरीचं ओरडणं जिथे तुटलं तिथूनच उचललं, त्याला दिकेओसचं नाव जोडलं आणि सूर धरला. तिच्या शेजारणीने तो पुढे नेला. मग सगळ्याच. काळ्या बायका भिंतीला पोट टेकून, हात आत लोंबकळत, छाती पिटत. पापा-सारांतोस कुठून तरी धावत आला. “कनेला! काय सांगितलं होतं मी?”

“आत जायचं नाही सांगितलंत, पापा,” कनेला दोन सुरांच्या मधे खेकसली. “मी बाहेरच आहे. ओ द्यायला बंदी नव्हती केली.”

बारादेवी एका बाजूला गोळा झाले होते. बाबिस रिकामं सुगड घेऊन उभा. “थेआनो,” तो म्हणाला, “तू तर आम्हाला म्हणालीस, तो शांत होता.”

“तुम्हाला तेच ऐकायचं होतं,” थेआनो म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबिसने सुगड गवतात ठेवलं आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून बसला. त्याचे खांदे हलत होते का वाऱ्याने वस्त्र हलत होतं, ते लिगेरीने पाहिलं नाही. तिला त्याचं काही पडलं नव्हतं.

माती पडली. कबर भरली. बायकांचे आवाज हळूहळू खाली आले, आणि एकेक जण नाक पुसत घरी निघाली, कारण संध्याकाळची कामं कुणाला चुकत नाहीत. बारादेव्यांच्या गाड्या निघून गेल्या. राहिल्या त्या दोघी, मातीच्या ढिगाच्या दोन बाजूंना, चिखलाने माखलेल्या.

“मी तुला माफ करणार नाही,” लिगेरी म्हणाली. घसा बसला होता, जेमतेम ऐकू येत होतं. “एवढं समजून अस. मरेपर्यंत नाही.”

“मी पण नाही तुम्हाला.”

“ठीक.”

मग थेआनोने विचारलं, एकदम वेगळ्या आवाजात, पोर विचारतं तसं. “वन्सं, तो अजून घाबरलेला असेल का हो? खाली?”

नाही म्हणायला काय जात होतं? शांत कुरण म्हणायचं, थेंब म्हणायचं, समुद्र म्हणायचा. लिगेरीने लाल मातीकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “घाबरलेला असेल. पहिली रात्र आहे. म्हणून तर रडायचं असतं. ये इकडे माझ्या बाजूला, आणि मोठ्याने रड. त्याला ऐकू जाऊ दे, की आपण आहोत.”

थेआनो उठली, ढिगाला वळसा घालून तिच्या शेजारी येऊन बसली, आणि रडू लागली. लिगेरीने तिला ओ दिली.